सात झाडं काढून

"घ्या उपासनी, गरम आहेत," ढवळे साहेब म्हणाले आणि कांदाभज्यांची प्लेट माझ्याकडे सरकवली. प्लेटीखाली महापालिकेच्या नव्या इमारतीचा नकाशा पसरलेला होता. प्लेट सरकली तसा त्यावर तेलाचा एक लांबट पट्टा उमटला, प्रवेशद्वारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत.

"नको साहेब, आत्ताच जेवलो."

हे खोटं होतं. मला त्यांच्या प्लेटीतलं खाववत नसे, एवढंच. साहेब आधी भजं मोडून आतला कांदा ओढून खायचे, वरचं कवच प्लेटीत परत टाकायचे आणि शेवटी ती सगळी कवचं गोळा करून एकदम तोंडात कोंबायचे. बोटं पुसायला हाताला लागेल तो कागद त्यांना चालायचा.

ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. आमच्या शहराची नगरपालिका जाऊन नुकतीच महापालिका झाली होती, आणि महापालिकेला शोभेल अशी तीन मजली इमारत उभी राहत होती. ढवळे साहेब तिचे कार्यकारी अभियंता. मी उद्यान विभागात आरेखक होतो, म्हणजे नकाशे काढणारा. स्वभावानं भिडस्त. मधल्या सुट्टीत शब्दकोश वाचत बसतो म्हणून ऑफिसात माझी थट्टा व्हायची, पण कुणालाही आयुक्तांकडे टिपणी पाठवायची असली की तो कागद घेऊन माझ्याच टेबलाशी यायचा. त्याचा मला अभिमान होता. तेवढाच होता.

"तुमच्या बागवाल्या बाईंचं पत्र आलंय," साहेब म्हणाले. "वाचा."

बागवाल्या बाई म्हणजे शालिनी कारखानीस. इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेची आखणी करायला आयुक्तांनी त्यांना मुंबईहून बोलावलं होतं. अशा कामाला स्वतंत्र माणूस लागतो, हेच आमच्याकडे तेव्हा कुणाला पटत नव्हतं. पत्र चार ओळींचं होतं. इमारतीसमोर सात जुनी झाडं आहेत, नकाशात त्यांतलं एकही नाही. ती नकाशात आल्याशिवाय मला पुढचं काम करता येणार नाही. आरेखकाला दोन दिवस माझ्याबरोबर द्यावं.

"सात झाडं राहिली कशी नकाशातून?" मी विचारलं.

"राहिली कशी म्हणजे? आम्ही बिल्डिंगचा नकाशा केला. झाडं काय आम्ही बांधलीत?" साहेब हसले. "नकाशात नाहीत म्हणजे नाहीत, असं धरून चाललो होतो आम्ही. आता ही बाई म्हणते, झाडांच्या सावलीत कट्टे करणार. पब्लिक बसणार. अहो, दसऱ्याला उद्घाटन आहे. मंत्री गाडीतून उतरणार, समोर बघणार, तर काय दिसणार? चिंच. चिंचेवर बगळे. माझ्या गाडीचं टप पाहिलंत का? रोज सकाळी पांढरं. घाण नुसती."

घाण म्हणताना त्यांनी दाढेत अडकलेलं काहीतरी करंगळीच्या नखानं काढलं, पाहिलं आणि नकाशाच्या कडेला पुसलं.

"झाडाला हात लावायचा तर आयुक्तांची मंजुरी लागेल, साहेब. कायदा आहे."

"मी कुठं हात लावतोय? तुम्ही टिपणी लिहा. बाईंना झाडं नकाशात हवीत ना, घाला नकाशात. आयुक्तांना स्वच्छ मराठी लागतं. आपल्याकडे स्वच्छ मराठी कुणाचं?"

मी समोरच्या खुर्चीत बसून कच्चा मसुदा लिहिला: 'जागेवरील सात जुनी झाडे मूळ नकाशात आलेली नाहीत. ती दाखवून सुधारित नकाशा सादर करावा.'

साहेबांनी तो वाचला. लाल पेन्सिल घेतली आणि एक शब्द खोडला.

"'दाखवून' काय? कुणाला दाखवून? झाडं काय मुलगी आहे, दाखवायला? सोपं लिहा. 'काढून' लिहा. नकाशा काढतात, चित्र काढतात, तशी झाडं काढायची." त्यांनी खोडलेल्या शब्दाच्या डोक्यावर 'काढून' लिहिलं. त्यांचं अक्षर मोठं आणि गोल होतं.

मी पक्की प्रत करायला घेतली. 'ती' लिहिलं आणि पेनातली शाई अडली, म्हणून क्षणभर थांबलो. पेन झटकलं आणि पुढे लिहिलं: 'काढून सुधारित नकाशा सादर करावा.'

कागद त्यांच्याकडे दिल्यावर त्यांनी प्लेट पुन्हा पुढे केली. या वेळी मी एक भजं घेतलं. चांगलं होतं. कच्चा मसुदा मी घडी करून कोशात ठेवला. कागद टाकून देणं मला जमत नाही. खुणेला होतो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी आयुक्तांची 'मान्य' अशी सही होऊन टिपणी खाली आली, आणि मी टेप घेऊन जागेवर गेलो.

कारखानीस बाई आधीच तिथं होत्या. तिशीच्या आतबाहेर असाव्यात, सुती साडी खोचलेली, पायांत कॅनव्हासचे बूट. आमचे हेड माळी कोंडिराम त्यांच्यामागून खुंट्या आणि सुतळी घेऊन चालत होते. पावसानं चार दिवस उघडीप दिली होती. चार कडुनिंब, दोन करंज आणि सगळ्यात पुढे, फाटकाशी, चिंच. चिंचेवर बगळ्यांची घरटी होती, आणि पिल्लांचा गलका एवढा की ओरडून बोलावं लागायचं.

"उपासनी, खोड मध्यभागी धरू नका," बाई म्हणाल्या. "खोड इथं आहे, पण झाडाचा पसारा पूर्वेकडे जास्त गेलाय. वर्तुळ छापून मोकळे होऊ नका. आठ दिशांनी मापं घ्या."

नकाशात झाड म्हणजे एक वर्तुळ आणि मध्ये ठिपका. वीस वर्षं मी तसंच करत आलो होतो. प्लॅस्टिकच्या पट्टीतल्या भोकात पेन फिरवायचं, झालं झाड. त्या दोन दिवसांत मी पहिल्यांदा झाड मोजलं. खोडाचा घेर, फांद्यांचा पसारा, मुळाशी जमीन किती उंच आहे ते. मुळांवर वीतभर माती जास्त पडली तरी झाड दहा वर्षांत मरतं, असं बाई म्हणाल्या. म्हणून फरशी झाडापाशी येणारच नव्हती. आधी माती, मग दगडी कट्टा, आणि कट्ट्याच्या पलीकडे फरशी.

पण त्यांची खरी गंमत वेगळीच होती. त्या कोंडिरामांना विचारायच्या, "मामा, इथं कोण बसतं?"

"हितं व्हय? हितं जन्माचे दाखले न्यायला येत्यात त्या लेकुरवाळ्या. जुन्या हापिसात खिडकी हिकडं हुती न्हवं. आन् त्या करंजाखाली म्हातारी मान्सं. घरपट्टी भराया येत्यात आन् झोपत्यात."

"लिहा, उपासनी. नकाशावर लिहा. इथे बाळं घेतलेल्या बायका. इथे झोपलेली माणसं."

"नकाशावर? असं कुणी लिहीत नाही, बाई."

"म्हणून तर नकाशात झाडंसुद्धा नव्हती." मग त्यांना वाटलं असावं, मला लागलं. "अहो, लोक इमारतीत शिरायच्या आधी तासभर बाहेरच असतात. आतली खोली ढवळे साहेब बांधतायत. बाहेरचा तास माझ्याकडे आलाय. तो नकाशात नको?"

शनिवारी दुपारी आम्ही चिंचेखाली डबे उघडले. कोंडिरामांनी भाकरी आणि ठेचा आणला होता. माझ्या डब्यातली मटकीची उसळ मी त्यांना दिली आणि त्यांच्या भाकरीचा तुकडा घेतला. वरून एक पांढरा शिंतोडा माझ्या बाहीवर पडला. कोंडिराम हसले.

"बगळ्यानं सही केली सायबावर."

"मान्य म्हणून," बाई म्हणाल्या.

मी रुमालानं बाही पुसली. मला किळस आली नाही, याचंच नवल वाटलं.

"सोमवारी आयुक्तांसमोर नकाशा ठेवायचा," निघताना बाई म्हणाल्या. "पुण्याला मॉडेल करायला दिलंय, ते मी उद्या जाऊन घेऊन येते. तुम्ही ट्रेसिंगवर झाडं घालून आणा. एकदा का ती सरकारी नकाशात आली, की कुणाला काही करता येणार नाही. कागदावर आहेत म्हणजे आहेत. तुमच्याच लोकांचं तत्त्व."

रविवारी मी घरी खिडकीशी बोर्डावर ट्रेसिंगचा पारदर्शक कागद लावून बसलो. बारीक निबचं पेन घेतलं आणि पट्टी बाजूला ठेवली. सातही झाडं हातानं, मापांप्रमाणे, आठ दिशांनी. कडुनिंबांचे पसारे एकमेकांत मिसळतात तिथं रेषा तुटक केल्या. चिंच सगळ्यात शेवटी घेतली. बायकोनं दोनदा चहा ठेवला, दोन्ही गार झाले.

"रविवारीसुद्धा काय करताय?" तिनं विचारलं.

"झाडं काढतोय," मी म्हणालो.

सोमवारी साडेनऊला, ट्रेसिंगची गुंडाळी काखेत आणि शबनम पिशवी खांद्यावर, मी रिक्षातून उतरलो. आपण चुकीच्या जागी उतरलो असं आधी वाटलं. इमारत दिसत होती. रस्त्यावरून, पायरीपासून गच्चीपर्यंत, अख्खी. इतकी कुरूप इमारत मी तोपर्यंत पाहिली नव्हती, आणि तीन वर्षं मी रोज तिच्यासमोरून जात होतो.

मग वास आला. चिरलेल्या निंबाचा कडू वास, त्याखाली चिंचेच्या ओल्या भुश्शाचा आंबट वास, आणि त्याखाली तिसरा. ओंडके बहुतेक नेले होते. फाटकाशी चिंचेचा बुंधा राहिला होता, जमिनीपासून हातभर, आणि त्याच्या कापावर लालसर पाणी आलं होतं. सगळीकडे पाला तुडवलेला. त्या पाल्यात बगळ्यांची पिल्लं पडली होती. पंख न फुटलेली, कातडी निळसर, पोटं फुगलेली. काही अजून चोच उघडत होती. दोन कुत्री त्यांच्यातून निवांत फिरत होती, त्यांना घाई नव्हती. पुरे होईल एवढं होतं. माश्या होत्या. एका मजुरानं तंबाखूची पिंक टाकली होती, ती एका पिल्लावर पडली होती.

मी कंपाउंडच्या भिंतीला हात टेकून ओकलो.

पाठीवर हात आला. कोंडिराम. त्यांच्याकडे रिकामं पोतं होतं, त्यात ते पिल्लं भरत होते.

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोंडिरामांची नजर मी पुष्कळ वर्षं विसरायचा प्रयत्न केला. तिच्यात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"सायेब, काल सकाळी सातालाच गाड्या आल्या. करवतवाले आले. ढवळे सायेब सोता. म्या फाटकाची किल्ली दिली न्हाई. म्हनलं, परवा तर ताईंनी मापं घेतली, झाडं ऱ्हानार म्हनल्या. कागुद दावा, त्याबिगर किल्ली न्हाई. तवा त्येंनी कागुद दावला."

"कसला कागद?"

"तुमचाच की. तुमचं अक्षर मला ठावं हाय, धा वर्सं तुमचे कागद वाचतोय. सात झाडं काढून, आसं लिवलंय. खाली कमिशनर सायबांची सही." त्यांनी एक पिल्लू उचलून पोत्यात ठेवलं. "म्या म्हनलं, उपासनी सायेब उगा लिवनार न्हाईत. कायतरी कारन आसंल. आन् किल्ली दिली."

पोत्यात काहीतरी हललं. त्यांनी तोंड बांधलं.

"ती नकाशात काढायची होती, कोंडिराम."

"नकाशात काढायची," ते म्हणाले. शब्द तोंडात घोळवून पाहावा तसे. "मग जाग्यावरनं का काढली?"

मागे रिक्षा थांबली. कारखानीस बाई पुठ्ठ्याचं मॉडेल दोन्ही हातांवर तोलत उतरल्या. मॉडेलवर सुक्या गवताच्या पुंजक्यांची सात झाडं होती. त्या फाटकात उभ्या राहिल्या, आणि रिक्षावाल्यानं दोनदा भाडं मागितलं तरी त्यांना ऐकू गेलं नाही.

अकरा वाजता आम्ही तिघं आयुक्तांसमोर होतो. आयुक्त तरुण होते, मोजकं बोलणारे. टिपणी त्यांच्यासमोर होती. ढवळे साहेब खुर्चीत मागे रेलून बसले होते. त्यांनी तोंडात सुपारी ठेवली होती आणि ती एका गालातून दुसऱ्या गालात फिरत होती.

"आदेश स्पष्ट होता, सर," ते म्हणाले. "सात झाडं काढून सुधारित नकाशा. आम्ही काढली. आता बाई म्हणतात, काढणं म्हणजे चित्र काढणं. असेलही. मी इंजिनिअर माणूस, मला मराठीतलं एवढं कळत नाही. शब्दाचा घोळ झाला. वाईट वाटतं."

"शब्दाचा घोळ शुक्रवारी होतो आणि रविवारी सकाळी सातला चार ट्रक येतात?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "सुट्टीच्या दिवशी?"

"कामाची तत्परता, बाई. दसरा जवळ आलाय."

आयुक्तांनी हात वर केला. "कारखानीस, तुमचं म्हणणं काय आहे आता? झाडं तर गेली."

"त्या सात जागा मला द्या. तिथं फरशी नको. माती उघडी ठेवा, मी त्याच ठिकाणी पुन्हा झाडं लावते. वीस वर्षं लागतील. पण दसऱ्यासाठी तिथं फरशी बसली, तर पुन्हा कधीच काही होणार नाही. हे तुम्हालाही माहीत आहे."

आयुक्तांनी टिपणी पुन्हा वाचली. "मी 'नकाशा' एवढंच वाचलं आणि सही केली. ती माझी चूक. पण माझ्यापुढे प्रश्न सरळ आहे. ही खरोखर चूक असेल, तर चूक म्हणून नोंद होईल आणि काम ठरल्याप्रमाणे पुढे जाईल. उद्घाटन मी पुढे ढकलू शकत नाही. पण कुणी हे मुद्दाम घडवून आणलं असेल, तर मी आज फरशीचं काम थांबवतो, चौकशी लावतो आणि सात जागा तुम्हाला देतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उपासनी, अक्षर तुमचं आहे. 'काढून' हा शब्द तुम्ही घातला, की कुणी सुचवला?"

शबनम माझ्या मांडीवर होती. तिच्यात कोश होता. कोशात 'क'च्या पानांत तो कच्चा मसुदा होता, लाल पेन्सिलीनं खोडलेला 'दाखवून' आणि वर ढवळे साहेबांच्या गोल अक्षरातला 'काढून'. मला फक्त पिशवीत हात घालायचा होता.

ढवळे साहेबांची सुपारी गालात थांबली.

"माझाच शब्द आहे, साहेब," मी म्हणालो.

सुपारी पुन्हा फिरू लागली. मला तिचा कटकट आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

कारखानीस बाई माझ्याकडे वळल्या. "उपासनी, तुम्ही शब्दकोश वाचणारा माणूस. लिहिताना तुम्हाला दुसरा अर्थ दिसला नाही?"

"नाही, बाई."

"एकदाही नाही?"

"नाही."

मग त्यांचा चेहरा हळूच बदलला. रस्त्यात पायाखाली काहीतरी आल्यावर माणूस चप्पल उचलून बघतो, तसा झाला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, मॉडेल उचललं आणि गेल्या. ते काम त्यांनी त्याच दिवशी सोडलं. नंतर मी त्यांना कधी पाहिलं नाही.

मघाशी मी लिहिलं, की पक्की प्रत करताना पेनातली शाई अडली. ते खरं नाही. पेन नवं होतं, शाई काठोकाठ होती. 'ती' हा शब्द लिहिला आणि मी थांबलो, कारण पुढचा शब्द मला दिसला. दोन्ही अर्थांनी दिसला. माझ्यासारख्या माणसाला तो न दिसणं शक्यच नव्हतं, माझं आयुष्य असल्याच गोष्टी बघण्यात गेलंय. आणि ढवळे साहेब काय करतायत हेही त्याच क्षणी कळलं, कारण त्यांनी मान तिरपी करून माझ्या निबकडे पाहिलं होतं. भजं चावणं थांबवून.

बोललो का नाही? याची मी चाळीस वर्षं वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. साहेबांना भीत होतो, हे एक. आपण उगाच शब्दाचा कीस पाडतो, लोक हसतील, हे दुसरं. दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही पुरत नाहीत. पुरणारं उत्तर सांगायला मला लाज वाटते. तो शब्द मला आवडला. एका क्रियापदात झाड उभंही राहतं आणि आडवंही होतं, हे पाहून मी मनातल्या मनात हसलो. कोशात टिपून ठेवावं असं वाटलं. मग पेन झटकायचं नाटक केलं आणि लिहिलं. आणि भजं खाल्लं ते त्यानंतर.

शुक्रवारी, शनिवारी, चिंचेखाली भाकरी खाताना हे मला आठवत नव्हतं असंही नाही. मला वाटत होतं, मी नकाशात झाडं काढली की तो अर्थ खरा ठरेल आणि दुसरा आपोआप मिटेल. म्हणूनच इतकी जीव तोडून काढली.

आयुक्तांसमोर मी खोटं का बोललो, हे मात्र सोपं आहे. तो कागद बाहेर काढला असता, तर पुढचा प्रश्न मलाच आला असता: मग तुम्ही ते का लिहिलंत?

इमारतीसमोर आज काळी-पांढरी फरशी आहे. मधोमध कारंजं आहे, ते उद्घाटनाच्या दिवशी आणि त्यानंतर दोनदा चाललं. आता त्याच्या हौदात हिरवं पाणी असतं आणि गुटख्याच्या पुड्या. निवृत्त माणसाला दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला तिथं जावं लागतं. नोव्हेंबरातही फरशी तापते. रांगेतल्या लेकुरवाळ्या बायका बाळाच्या डोक्यावर फाईल धरून उभ्या असतात. माझा नंबर आला की मी खिडकीत अंगठा दाखवतो आणि मी जिवंत असल्याची नोंद होते.

पण मला शेवटी सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशीचं, मंगळवारचं.

ढवळे साहेबांनी मला बोलावलं. ट्रेसिंग टेबलावर पसरलेलं होतं, माझ्या सात झाडांसकट. त्यावर मात्र त्यांनी प्लेट ठेवली नव्हती. त्यांनी माझ्यापुढे पेढ्यांचा पुडा केला. बढतीच्या यादीत माझं नाव धाडलंय, म्हणाले.

"सुंदर काढलीत हो झाडं. पण आता ही काढून टाका. नकाशा जागेप्रमाणे पाहिजे ना?"

ट्रेसिंगवरची शाई रबरानं जात नाही. दाढीचं ब्लेड अर्धं मोडून, आडवं धरून, हलक्या हातानं खरवडावी लागते. मी टेबलाशी बसलो आणि चिंचेपासून सुरुवात केली. आठ दिशांनी काढलेली रेषा आठ दिशांनी खरवडली. काळी भुकटी कागदावर जमत होती, ती मी फुंकून उडवत होतो. 'इथे बाळं घेतलेल्या बायका' हे खरवडायला वेळ लागला, अक्षर बारीक होतं. चार वाजता इमारतीसमोरचा कागद कोरा झाला. एकही रेष राहिली नव्हती. माझं काम नेहमीच स्वच्छ असे.

बुधवारी त्या ट्रेसिंगच्या अमोनिया प्रिंट निघाल्या. कंत्राटदाराला, मंत्र्यांच्या ऑफिसला, वर्तमानपत्रांना, अशा बारा प्रती. अमोनियाचा वास डोळ्यांत जात होता. साहेबांनी पहिली प्रत उजेडात धरली.

"हे काय हे? हे डाग कसले?"

जिथं ब्लेड फिरतं तिथं ट्रेसिंगचा तुळतुळीतपणा जातो, आणि प्रिंटमध्ये तेवढी जागा धुरकट उमटते. सगळा नकाशा स्वच्छ होता आणि इमारतीसमोर सात राखाडी डाग होते. वेडेवाकडे, पूर्वेकडे जास्त पसरलेले. चार एकमेकांत मिसळलेले. फाटकाशी एक सगळ्यात मोठा.

"काढता येणार नाहीत का?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "आता काढायला गेलो तर कागद फाटेल."

हे मी धैर्यानं म्हणालो असं कुणी समजू नये. त्या आठवड्यात मी खरं बोललो ते एवढंच, आणि तेही कागदाबद्दल.